मागाच्या जागी

गेल्या शिमग्याला दोन्ही माग भंगारात गेले.
टेम्पोवाल्यानं किलोवर मोजले.
धोटे तेवढे मी ठेवून घेतले. कशाला, ते विचारू नका.
वडगावात आमच्या गल्लीत आता
एकाच घरातून खडखड येते,
तीही दिवे लागायच्या आत थांबते.

माग उठले तिथं फरशीत बोल्टांची भोकं राहिली
आणि वर कौलांत एक काच,
बापानं बसवलेली, तुटला धागा दिसावा म्हणून.
त्या उजेडाखाली, बरोब्बर मधोमध,
सुप्रभानं कुंडी आणून ठेवली.
"बाबा, मॉन्स्टेरा."
नाव तर खोकल्याच्या औषधासारखं, मी म्हटलं.
ती रात्रीच्या गाडीनं बेंगळूरला गेली.
झाड राहिलं.

पहिल्यांदा मी त्याला रोज पाणी घातलं,
हाताला दुसरं काम नव्हतं.
दोन पानं पिवळी पडली, देठाशी मऊ झाली.
तेव्हा हिंडलग्याच्या रस्त्यावरचा नर्सरीवाला म्हणाला,
"नीर कम्मी हाक्री, काका.
बोट घालून बघा. दोन पेरं कोरडी लागली तरच."
अर्धं त्याच्या भाषेत, अर्धं माझ्या,
इथं सगळा बाजार असाच चालतो.

मग मी बोट घालायला शिकलो.
सुताचा ओलसरपणा चिमटीला कळायचा,
मातीचा कळायला पावसाळा गेला.

खोडातून मुळं सुटली, हवेतच,
जाडजूड, तपकिरी, कशाला तरी धरू बघणारी.
(मुळांवर मी जास्त बोलणार नाही.
आमच्या गावात मुळांवर भाषणं फार झालीत.)
आजोबांच्या हातमागाची तूर माळ्यावर पडून होती,
सागवानी, तळहातांनी गुळगुळीत झालेली.
तिला काथ्या गुंडाळला, गच्च, एकाला एक लागून,
कुंडीत उभी केली.
झाड तिच्यावर चढलं.
शारदाक्का म्हणाली, "तुमचा हात अजून गुंडाळायलाच जातो."

पाचवं पान आलं ते फाटकं.
सुरळी सुटता सुटता दिसलं,
कडेपासून शिरेपर्यंत चिरा, मध्ये दोन भोकं.
माझ्या पोटात धस्स झालं, खरं सांगतो.
चाळीस वर्षं शेठ कापड उजेडात धरायचा
आणि भोकामागं पैसे कापायचा.
त्या हिशोबानं या पानाची
मजुरी सोडा, उलट मीच देणं लागलो असतो.

शेजारची बसव्वा दारातूनच ओरडली,
"एलि हरदैति, नोड्री!"
उंदीर लागला म्हणाली, औषध आण म्हणाली.
मी सुप्रभाला फोन लावला.
ती हसली बराच वेळ.
"बाबा, उजेड मिळाला की ते तसंच उमलतं."
मी बसव्वाला जाऊन सांगितलं,
"हरदिल्ल. हुट्टिद्द हंग."
फाटलं नाही, जन्मलं तसं.
तिला पटलं नाही.
दुसऱ्या दिवशी तिनं कडुलिंबाचा पाला आणून कुंडीत टाकला.

सहाव्या पानाला मी घाई केली.
सुरळी अडकलीय असं वाटलं,
नखानं जरा सोडवायला गेलो, जसा गुंता सोडवतात.
ते पान खरंच फाटलं.
कडा काळी पडली, अजून तशीच आहे.
दोन्ही पानं शेजारी शेजारी आहेत.
लांबून फरक कळत नाही.

रविवारी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसतो,
खालून आधाराला हात धरून.
वाशांवरून अजून सूत झडतं,
पांढरी लव, माग जाऊन वर्ष होत आलं तरी.
पानावर बसते. पुसतो. पुन्हा बसते.

पहाटे तीनला जाग येते.
पूर्वी लाइट जायची, खडखड थांबायची,
आणि त्या शांततेनं मी दचकून उठायचो.
आता शांतता रोजचीच, तरी उठतो.
काचेतून थोडं चांदणं, तुरीवर थोडं.
सातवी सुरळी वर आलीय,
पेन्सिलीएवढी, टोकाला ओली.
मी हात मागे बांधून उभा राहतो.

आतून शारदाक्का विचारते, "पाणी घातलं काय?"
"बुधवारी घातलंय."
"मग झोपा की."